कंपनीच्या भांडणात जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्ट नक्की काय करू शकतं?

फाउंड्रीची लेक

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. १९९४ साली बाबा आणि दोन काकांनी मिळून प्रायव्हेट लिमिटेड काढली. बाबा २०२२ मध्ये गेले. त्यांचे २० टक्के शेअर्स २०२३ मध्ये माझ्या नावावर झाले. थोरले काका एमडी आहेत. त्यांचा मुलगाही डायरेक्टर होता. गेल्या एप्रिलमध्ये त्याने राजीनामा दिला आणि गोकुळ शिरगावला स्वतःचं युनिट टाकलं. जाताना कंपनीच्या नावावरची गाडी आणि पंप केसिंगचे ॲल्युमिनियमचे ३१ पॅटर्न (ज्यांवरून वाळूत साचा उठवतात ते नमुने) घेऊन गेला. पॅटर्नवर आमचा नंबर पंच केलेला आहे. त्यातले कितीतरी बाबांनी पॅटर्नमेकरकडे दिवसदिवस उभं राहून करून घेतलेत. पॅटर्न नाही म्हणजे मोल्डिंग नाही. दोन ऑर्डरी हातच्या गेल्या.

काकांना म्हटलं, कंपनीतर्फे तक्रार करा. ते म्हणाले, "घरातलं आहे, बघू." मुलगा त्यांचाच, ते काय तक्रार करणार?

आता वकिलांनी फिर्यादीचा मसुदा केलाय. विश्वासघात आणि फसवणूक, आरोपी सहा जण. त्यात काकूंचंही नाव आहे, कारण कागदोपत्री त्याही डायरेक्टर आहेत. आमचे सीए म्हणतात, कंपनीच्या बाबतीत तालुक्याच्या कोर्टाला काही अधिकारच नाहीत, मुंबईला एनसीएलटीत (कंपन्यांच्या वादांचं न्यायाधिकरण) जा. वकील म्हणतात, मॅजिस्ट्रेट सगळ्यांना बोलावून घेतील, मग आपोआप तडजोड होईल. खरं कोणाचं?

उचगावकर

ताई, सरळ पोलिसांत जा. गाडी आणि माल नेला म्हणजे चोरीच. एकदा स्टेशनला बोलावणं गेलं की सगळं परत येतं. एनसीएलटीच्या नादाला लागलात तर मुंबईच्या खेपा घालून थकाल.

रोजनामा

ताई, आधी त्या मसुद्यातून काकूंचं नाव काढा. बाकीचं त्यानंतर बोलू.

मी १९८९ साली दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी म्हणून नोकरीला लागलो. मधली तीन वर्षं मुंबईत मेट्रोपॉलिटन मॅजिस्ट्रेट होतो. (हे पद आता राहिलं नाही. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली आणि मुंबईतही प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीच झाले.) तुमच्यासारख्या फिर्यादी माझ्या टेबलावर खूप आल्या. संचालक मंडळाची सगळी यादी आरोपींच्या रकान्यात उतरवलेली असायची. पुकारा झाला की सत्तरीची एखादी आजी पदर सावरत उभी राहायची. आपल्याला कशासाठी बोलावलंय, याचा तिला पत्ता नसायचा. तडजोड व्हावी म्हणून माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ च्या पेप्सी फूड्स प्रकरणात मॅजिस्ट्रेटला बजावलंय की, फौजदारी प्रकरणात समन्स काढणं ही गंभीर गोष्ट आहे, ते यांत्रिकपणे करायचं नाही. २०१५ च्या सुनील भारती मित्तल प्रकरणात तर स्पष्टच सांगितलं: केवळ संचालक आहे म्हणून कोणाला आरोपी करता येत नाही. एकतर त्या व्यक्तीने स्वतः काही केलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर कायद्यातच तशी जबाबदारी लिहिलेली पाहिजे. तुमच्या काकूंनी पॅटर्न उचलले का? नाही ना?

विश्वासघात आणि फसवणूक ही दोन्ही कलमं एकाच प्रसंगावर लावणंही चुकीचं आहे. विश्वासघातात माल आधी विश्वासाने हातात दिलेला असतो आणि नियत पुढे फिरते. फसवणुकीत नियत पहिल्यापासूनच खोटी असते. एकाच घटनेत दोन्ही कशी असतील? २०२४ च्या दिल्ली रेस क्लब निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा समजावलं. तरी मसुद्यात ही जोडी आपली येतेच.

आता सीएंच्या म्हणण्याकडे येतो. कंपनी कशी चालावी, कोणी चालवावी, बैठका, शेअर्सची नोंद, अल्पमतातल्या भागधारकावरचा अन्याय, हे सगळं एनसीएलटीचं. कंपनी कायद्याच्या कलम ४३० ने दिवाणी न्यायालयालाही त्यातून बाहेर ठेवलंय. पण "काही अधिकारच नाहीत" हे चूक. तुमच्या पॅटर्नसाठी त्याच कायद्यात कलम ४५२ आहे, आणि ते साध्या जेएमएफसीपुढेच चालतं.

कलमाचा आशय असा. कंपनीच्या अधिकाऱ्याने किंवा कर्मचाऱ्याने कंपनीची मालमत्ता गैरमार्गाने ताब्यात घेतली, किंवा ताब्यात असलेली गैरपणे अडवून ठेवली, तर एक लाख ते पाच लाख रुपये दंड. शिवाय न्यायालय मुदत घालून ती वस्तू परत करायला सांगू शकतं. मुदतीत दिली नाही तर दोन वर्षांपर्यंत कैद. वस्तू परत मिळवणं हाच या कलमाचा जीव आहे.

आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: फिर्याद कंपनीनेच करायला हवी असं नाही. कोणताही सभासद करू शकतो, धनकोही करू शकतो. काका "बघू" म्हणत बसले तरी तुमची वाट बंद होत नाही.

चुलतभाऊ म्हणेल, मी तर राजीनामा दिला, आता मी कुठे अधिकारी? जुन्या १९५६ च्या कायद्यात हेच कलम ६३० होतं. त्यावर १९८७ मध्ये बलदेव कृष्ण साही विरुद्ध शिपिंग कॉर्पोरेशन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, नोकरी सोडून गेलेला माणूसही यात येतो. नाहीतर कलमाला अर्थच उरला नसता, कारण वस्तू अडवतो तो बहुधा गेलेलाच माणूस.

मग तो मुदतीचा मुद्दा काढेल. नुसत्या दंडाच्या गुन्ह्याला सहा महिन्यांची मुदत असते आणि तुमचा एप्रिल मागे पडलाय. त्यावर गोकाकच्या गिरणीचा निकाल दाखवा. गोकाक पटेल व्होल्कार्ट, १९९१. अडवून ठेवणं हा रोज चालू राहणारा गुन्हा आहे, वस्तू परत होईपर्यंत तो संपत नाही, असं त्यात ठरलंय. तुमच्या सीमेपलीकडचंच गाव ते.

मुंबईत माझ्यापुढे कलम ६३० ची प्रकरणं यायची ती जवळजवळ सगळी फ्लॅटची. कंपनीने साहेबांना राहायला दिलेला फ्लॅट, साहेब निवृत्त झाले, फ्लॅट सोडत नाहीत. दंड तेव्हा फार तर एक हजार रुपये. त्याला कोण भीक घालतं? भीती होती ती परत करण्याच्या आदेशाची आणि त्यामागच्या कैदेची. एक प्रकरण मला अजून आठवतं. बत्तीस वर्षं नोकरी केलेले गृहस्थ. कंपनीने त्यांची ग्रॅच्युइटी अडवलेली, म्हणून त्यांनी फ्लॅट अडवलेला. कायदा माझ्यापुढे सरळ होता. दोन महिन्यांची मुदत दिली. शेवटच्या दिवशी ते स्वतः आले आणि तीन चाव्यांचा जुडगा शिरस्तेदारांच्या टेबलावर ठेवला. एका चावीला लाल लोकरीचा धागा बांधलेला होता. बायकोला अंधारात ओळखू यावी म्हणून बांधला होता, असं ते सांगत होते. मी रोजनाम्यात "चाव्या जमा" एवढंच लिहिलं. त्यांच्या ग्रॅच्युइटीबद्दल एक अक्षर लिहायचा अधिकार मला त्या कलमात नव्हता.

२०२० च्या दुरुस्तीत संसदेने ही चूक सुधारली. आता राहत्या घराचा वाद असेल आणि कंपनीने त्या माणसाचा भविष्य निर्वाह निधी, पेन्शन, ग्रॅच्युइटी थकवली असेल, तर त्याला कैदेत टाकता येत नाही. त्याच दुरुस्तीने कलम ४५२ विशेष न्यायालयांच्या कक्षेतूनही बाहेर काढलं. कंपनी कायद्याच्या इतर गुन्ह्यांसाठी कलम ४३५ खाली विशेष न्यायालयं आहेत. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त कैदेचे गुन्हे सत्र न्यायाधीशांपुढे, त्याखालचे नेमलेल्या मॅजिस्ट्रेटपुढे. तुमचं मात्र आपल्या हद्दीतल्या नेहमीच्या कोर्टात.

उचगावकर, तुमचा हेतू चांगला आहे, पण कंपनी कायद्याचे गुन्हे कलम ४३९ नुसार अदखलपात्र आहेत, कलम ४४७ चा फ्रॉड तेवढा वगळून. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस त्यात तपास करू शकत नाहीत. आणि "स्टेशनला बोलावणं" हा काही कायद्यातला उपाय नव्हे.

फाउंड्रीची लेक

साहेब, कलम ४५२ चं नाव आजपर्यंत कोणीच काढलं नव्हतं. मनापासून आभार. दोन शंका. मॅजिस्ट्रेट साहेब लगेच पॅटर्न परत द्यायला सांगतील का? आणि वार्षिक हिशेबात तेच पॅटर्न अजून आमच्याकडे दाखवलेत, म्हणजे हिशेब खोटा आहे. तोही मुद्दा याच फिर्यादीत घालू का?

रोजनामा

लगेच नाही. हे आधी नीट समजून घ्या, म्हणजे पहिल्या तारखेला निराश होणार नाही.

तुम्ही फिर्याद दाखल कराल, शपथेवर तुमची पडताळणी होईल. नव्या संहितेच्या कलम २२३ नुसार दखल घेण्याआधी आरोपीलाही म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. म्हणजे समन्सच्या आधीच चुलतभावाला नोटीस जाईल. त्यानंतर समन्स, पुरावा, उलटतपास. वस्तू परत देण्याचा आदेश खटल्याच्या निकालाबरोबर येतो असंच धरून चाला. मध्येच तो उच्च न्यायालयात फिर्याद रद्द करून घ्यायला गेला तर पूर्वी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच बसतं, एवढी खेप वाचली.

खोट्या हिशेबाचं या फिर्यादीत मुळीच घालू नका. त्याचं कलम ४४८, आणि त्याची शिक्षा ४४७ प्रमाणे, म्हणजे फ्रॉड. त्याची दखल विशेष न्यायालय घेतं, आणि तीसुद्धा गंभीर फसवणूक तपास कार्यालयाच्या संचालकांच्या किंवा केंद्र सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीवरच. भागधारकाच्या खाजगी फिर्यादीवर जेएमएफसीने ते घेतलं तर पहिल्याच फटक्यात उडेल, आणि त्याच्याबरोबर तुमचे पॅटर्नही अडकतील. एका फिर्यादीत एकच दुखणं मांडा. मॅजिस्ट्रेटपुढे दिवसाला ढीगभर प्रकरणं असतात. "या कंपनीचे हे पॅटर्न, हे त्याचे नंबर, हे बिल, आणि हे आज त्याच्याकडे आहेत" असं चार पानांत मांडलेलं ते शांतपणे वाचतात. चाळीस पानी कैफियत असली की हात कागद यादीवरच थांबतो. मी स्वतः त्या खुर्चीत बसलोय.

आता तुम्हालाच विचारतो. ते ३१ पॅटर्न सगळे कंपनीचेच आहेत का? फाउंड्रीत पुष्कळदा पॅटर्न गिऱ्हाइकाचे असतात, कामापुरते तुमच्याकडे पडून असतात. गिऱ्हाइकाने स्वतःच ते चुलतभावाच्या युनिटला हलवायला सांगितले असतील तर अडचण होईल. एकेका पॅटर्नची शहानिशा करा. जो तुमचा, तेवढाच फिर्यादीत घाला. एक चुकीचा निघाला की उलटतपासात बाकी तीसही डळमळतात.

कंपनी सेक्रेटरी, सांगली

वरचं सगळं पटलं. फक्त एनसीएलटीची बाजू मांडतो, कारण ताईंचं खरं दुखणं पॅटर्नपाशी थांबणारं नाही असं वाटतं.

आधी तुमचं सभासदत्व पक्कं करा. शेअर्स तुमच्या नावावर झालेत हे चांगलं, पण कायद्याने सभासद म्हणजे ज्याचं नाव सभासद नोंदवहीत आहे तो. नोंदवहीचा उतारा मागून घ्या. आणि कंपनीने पुणे आरओसीकडे (कंपनी निबंधकाकडे) भरलेल्या वार्षिक विवरणाबरोबर भागधारकांची यादी असते, तीही उतरवून घ्या. तिथे तुमचं नाव असेल तर कोर्टात कोणी हा मुद्दा काढू शकणार नाही. (वारस म्हणून अजून नोंद झाली नसती, तर एनसीएलटीत तरी निभावलं असतं. वर्ल्ड वाइड एजन्सीज या १९९० च्या निकालाने मृत सभासदाच्या वारसालाही अन्यायाविरुद्धचा अर्ज करता येतो. कलम ४५२ ला मात्र सभासद असलेलंच बरं.)

कलम २४१ च्या, म्हणजे अन्याय आणि गैरव्यवस्थापनाविरुद्धच्या अर्जासाठी दहा टक्के भांडवल पुरतं, तुमच्याकडे वीस आहे. एमडी स्वतःच्या मुलाला कंपनीची साधनं नेऊ देतात आणि त्याच गिऱ्हाइकांचं काम त्याच्या युनिटला जातं, हे गैरव्यवस्थापनाचं अगदी ठसठशीत उदाहरण आहे. तिथे कलम २४२(४) खाली अंतरिम आदेश मागता येतो: पॅटर्न विकू नका, वितळवू नका, बाहेर पाठवू नका. जेएमएफसीपुढे जे लवकर मिळणार नाही ते इथे मागा. पुढे शेअर्स रास्त भावात विकत घेण्याचा आदेशही तिथेच होऊ शकतो. सभांची इतिवृत्तं दाखवत नसतील तर तो आदेशही ट्रिब्युनलच देतं.

वार्षिक विवरण उशिरा भरलं, असल्या गोष्टी आता कोर्टात नेऊच नका. त्यातलं बरंचसं गुन्हेगारीतून काढून दंडावर आणलंय आणि तो दंड आरओसी कार्यालयातला अधिकारी लावतो.

माजी शाखाधिकारी

थोडं विषयाला सोडून, पण ताईंनी लक्षात ठेवावं. ऑर्डरी गेल्या म्हणजे हप्ते अडखळणार. शेड बँकेकडे तारण असेल तर खातं एनपीए (थकीत) झाल्यावर साठ दिवसांची नोटीस येते, आणि नंतर बँक सरफेसी (तारणावरून कर्जवसुलीच्या) कायद्याच्या कलम १४ खाली ताब्यासाठी मॅजिस्ट्रेटकडे जाते. कायद्यात शब्द आहेत चीफ मेट्रोपॉलिटन मॅजिस्ट्रेट किंवा जिल्हा दंडाधिकारी. कोल्हापूरसारख्या ठिकाणी मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना हा अधिकार आहे की नाही, यावर उच्च न्यायालयांत मतभेद होते. २०१९ मध्ये डी. विशालाक्षी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने "आहे" असं सांगून वाद मिटवला. २०२२ मध्ये आर. डी. जैन प्रकरणात अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी आणि अतिरिक्त चीफ मेट्रोपॉलिटन मॅजिस्ट्रेट यांनाही तो अधिकार असल्याचं ठरलं. त्याच वर्षी एनकेजीएसबी बँकेच्या प्रकरणात ताबा घ्यायला वकील कमिशनर नेमता येतो, हेही मान्य झालं.

लोकांची गफलत होते ती इथे. कर्जदार त्या मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन व्याज जास्त लावलं, हिशेब चुकला असं सांगत बसतो. ते ऐकायचा अधिकार त्यांना नाही. बँकेचं प्रतिज्ञापत्र कायद्यातल्या मुद्द्यांप्रमाणे आहे का एवढंच ते पाहतात आणि ताब्याला मदत करतात. तक्रार कलम १७ खाली कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, तीही पंचेचाळीस दिवसांत. माझ्या नोकरीत दोन कारखानदारांचे हे दिवस चुकीच्या दारात उभं राहण्यात गेले. तुमच्या कागदांत बँकेचं एखादं जरी पत्र असलं तरी ते बाजूला काढून तारीख बघा.

फाउंड्रीची लेक

चार दिवसांनी लिहितेय. बँकेचं काही आलेलं नाही, हप्ते चालू आहेत.

रविवारी बाबांच्या वेळचे फोरमन मामा घरी आले. गेटपासची पुस्तकं आणि चलनं घेऊन आम्ही दोघं ओटीवर सकाळपासून बसलो होतो. रोजनामा साहेब म्हणाले तसंच निघालं. ३१ पैकी ९ पॅटर्न पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचे आहेत, त्यांच्या चलनांवर "परत करण्याच्या बोलीवर" असा शिक्का आहे. उरलेले २२ आमचे. त्यातल्या १७ ची पॅटर्नमेकरची बिलं सापडली. एका बिलाच्या मागे बाबांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय, "गाळा दोन सूत वाढवणे." ते बघून मामांनी चष्मा काढून ठेवला, पुढे अर्धा तास आम्ही काहीच मोजलं नाही.

गाडीचं आरसी बुक कंपनीच्या नावावर आहे, त्याचीही प्रत काढली. वार्षिक विवरणाच्या यादीत माझं नाव आहे.

वकिलांशी बोलले. आधी थोडे नाराज झाले, मग म्हणाले कलम वाचून बघतो. आज त्यांचाच फोन आला, नवा मसुदा चार पानांचा होतोय, आरोपी एकच. काकूंना मी स्वतः जाऊन सांगितलं की तुमचं नाव कुठेही नाही. त्यांनी चहा ठेवला.

राहिलेल्या पाच पॅटर्नची बिलं नाहीत. ते सोडून देऊ का?

रोजनामा

आत्ताच सोडू नका. पॅटर्नमेकर हयात असेल आणि त्याचं वर्कशॉप चालू असेल, तर त्याच्याकडे जुन्या चलनांची कार्बन प्रत असते. ही माणसं कागद टाकत नाहीत. तिथेही मिळालं नाही तर कंपनीच्या स्थावर-जंगम मालमत्तेच्या नोंदवहीत आणि त्या वर्षीच्या घसाऱ्याच्या तक्त्यात नंबरनिशी नोंद आहे का बघा. तिथेही नसेल तर मग ते पाच वगळा आणि सतरांवर फिर्याद करा.

आणि फोरमन मामांना साक्षीदारांच्या यादीत पहिल्या नंबरवर घ्या. पंच केलेला नंबर कोणत्या बाजूला आहे हे ज्याला न बघता सांगता येतं, त्याला उलटतपासाची भीती नसते.